वाचा गेलेल्या घरातला आगमनकाळ

२०२२ च्या सप्टेंबरात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा असंच होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. समोरच्याचं बोलणं कळतं, काय सांगायचं तेही मनात असतं, पण शब्द हाती लागत नाही. याला वाचाघात म्हणतात. बाबांच्या तोंडी एकच शब्द उरला होता, "नाही". कूस बदलायची का विचारलं तरी नाही, खिडकी उघडू का विचारलं तरी नाही. आई जवळ येऊन बसली की त्यांचे डोळे भरून येत, तेव्हाही नाहीच. या माणसाने उभा जन्म चर्चमध्ये रविवारची वाचनं केली होती. त्यांच्या आवाजातला बायबलमधला यशया संदेष्टा ऐकत आम्ही दोघी बहिणी लहानाच्या मोठ्या झालो.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे, ख्रिस्ताच्या येण्याची वाट बघण्याचे आठवडे. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या आठवड्यात कधीही येतो. त्या वर्षी तो २७ लाच आला आणि नाताळही रविवारी. म्हणजे पुरते चार आठवडे, आगमनकाळ जितका लांब असू शकतो तितका लांब. कॅलेंडर बघून मला धसका बसला होता. एवढे दिवस तोंडावर हसू ठेवून कसे काढायचे?

भेटायला येणारी माणसं म्हणत, "नाताळ जवळ आलाय, आता आनंदात राहा." चांगल्या मनानेच म्हणत. पण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची, चादर ओली झाली की बदलायची, आई दमली की तिला झोपायला लावायचं आणि सकाळी कामावर जायचं, अशा रहाटगाडग्यात आनंद हे आणखी एक काम होऊन बसलं होतं. ते काम मला जमत नव्हतं. बरं, ख्रिस्ती माणसाने ते सोडून द्यावं तर तशीही सोय नाही. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा," असं प्रेषित पौल बायबलमधल्या एका पत्रात फिलिप्पी शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो. ती आज्ञा आहे, शुभेच्छा नव्हे. आज्ञा पाठ होती, ती पाळायची कशी हे कळत नव्हतं.

बाबांना कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, द्यायला फादर घरी आले तेव्हा दारातच मी त्यांना हे विचारलं. त्यांनी प्रवचन दिलं नाही. म्हणाले, "आनंद तू पैदा करायचा नाहीस, बाळ. तो ज्याच्याबरोबर येतो त्याची वाट बघ, तेवढंच तुझ्याकडे आहे. आणि वाट कशी बघायची ते चर्चने रोजच्या वाचनांत लावून दिलंय. बाबांना रोज मोठ्याने वाचून दाखव. आता त्यांच्या जागी तू वाच." शेवटचं वाक्य काळजात रुतलं. बाबांचं ते जुनं, कडा झिजलेलं बायबल मी त्या रात्री पहिल्यांदा कपाटातून काढलं. समासात त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघा मारून ठेवल्या होत्या. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, हे स्वतःसाठी लिहून ठेवलेलं. मी त्या खुणांवर थांबत वाचायला लागले.

आमची रीत अगदी साधी ठरली. रात्रीचं औषध झालं की मोठा दिवा बंद करायचा, मेणबत्ती लावायची, त्या दिवसाचं शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग) वाचायचं, मग काही वेळ कुणी काही बोलायचं नाही. शेवटी प्रत्येकाने एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे आणि घराबाहेरच्या एका माणसासाठी प्रार्थना करायची. शेवटचा भाग माझ्या बहिणीने आग्रहाने घातला. दुखणं घरात शिरलं की सगळी प्रार्थना त्याच्याभोवतीच फिरायला लागते, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. आम्ही दुसऱ्यांची नावं घ्यायला लागलो आणि आमच्या खोलीच्या भिंती थोड्या मागे सरकल्या.

आगमनकाळाच्या दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र आम्ही पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवलं, कारण उजवीकडचं बाबांना नीट दिसत नसे. हे चक्र कुठून आलं ते मला त्याच वर्षी कळलं. १८३९ मध्ये जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात योहान हिनरिख विखर्न हे प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. मुलं सारखी विचारत, नाताळ कधी? विखर्न यांनी एक मोठं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची. मुलांना वाट बघणं डोळ्यांनी दिसावं म्हणून केलेली ती सोय होती. ज्या मुलांना घर नव्हतं त्यांच्यासाठी ती केली गेली, हे वाचल्यापासून ते चक्र मला शोभेचं वाटेनासं झालं.

पहिल्या आठवड्याने मला चकवलं. माझी समजूत अशी की आगमनकाळ म्हणजे बेथलेहेमच्या वाटेवरचे चार आठवडे. पण १६ डिसेंबरपर्यंतच्या प्रार्थना आणि वाचनं मुख्यतः ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे बोट दाखवतात. गोठा, तारा, मेंढपाळ यांचा पत्ताही नसतो. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान होतं मत्तयच्या २४ व्या अध्यायातलं: जागे राहा, कारण तुमचा प्रभू कोणत्या दिवशी येईल हे तुम्हाला ठाऊक नाही. दुसरं वाचन रोमकरांस पत्रातलं: रात्र सरत आली आहे, दिवस जवळ आला आहे. जागे राहा! माझं दुसरं काय चाललं होतं? रात्री दोनला गजर, चारला गजर. मी ते वाचलं आणि आईकडे बघितलं. ती म्हणाली, "बघ, आपण आधीच सुरुवात केलीय."

ती सहज बोलून गेली, पण पुढचे चार आठवडे मी त्याच वाक्यावर काढले. जागरण मला नेमून द्यावं लागलं नव्हतं, ते घरात होतंच. आता ते कुणासाठी करायचं एवढंच ठरवायचं होतं. १३० व्या स्तोत्रात पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट बघतो, असं म्हटलंय. रात्री गजर झाला की मी ती ओळ म्हणायला लागले. मग ती ओळही लांब वाटायला लागली आणि बायबलच्या अगदी शेवटी, प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात आहे ती प्रार्थना राहिली: ये, प्रभू येशू. बाबांच्या खांद्याखाली एक हात घालताना "ये", कमरेखाली दुसरा हात घालून वळवताना "प्रभू येशू". श्वासाबरोबर जमून जाते. ज्यांना प्रार्थनेला वेळ मिळत नाही, त्यांनी ही करून बघावी. हिच्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, फक्त हातातलं काम लागतं.

बाराव्या शतकातले संत बर्नार्ड (क्लेरव्हो मठाचे) ख्रिस्ताची तीन आगमनं सांगतात. पहिलं देहधारण करून झालं, शेवटचं वैभवात होईल, आणि या दोहोंच्या मधलं आगमन गुप्त असतं, माणसाच्या अंतःकरणात. हे मी पूर्वी ऐकलं होतं, पण ते प्रवचनातलं ज्ञान होतं. त्या वर्षी मला त्या मधल्या आगमनाची फार गरज होती. पहिलं होऊन गेलेलं, शेवटचं कधी ते माहीत नाही, आणि मी मात्र रात्री तीन वाजता ओली चादर हातात धरून उभी.

दुसऱ्या आठवड्यात आनंद जवळपासही नव्हता. उलट रडू येत होतं आणि राग येत होता. फादर पुन्हा आले तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी मला १३ वं स्तोत्र वाचायला लावलं, ज्याची सुरुवातच "हे परमेश्वरा, कुठवर?" अशी होते. म्हणाले, "हेसुद्धा वाट बघणंच आहे. ज्याची आशा सुटली तो कुठवर म्हणून विचारत नाही." त्यानंतर रात्रीच्या प्रार्थनेत मी देवाला स्पष्ट विचारायला लागले. बाबा कुठवर असे? आई कुठवर अशी? उत्तर आलं नाही. पण विचारताना मी कुणाशी तरी बोलत होते, आणि माझ्या रागाला आता तोंड फिरवून बसायचं कारण उरलं नव्हतं. मला वाटतं, आगमनकाळात आनंद शोधणाऱ्याने विलाप टाळून पुढे जाऊ नये. आगमनकाळात धर्मगुरू घालतात तो जांभळा रंग त्यासाठीच आहे. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत तेही याचसाठी. मात्र ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळासारखं आल्लेलुया हा आनंदाचा घोष बंद होत नाही, ते चालूच राहतं. ग्लोरिया थांबलेला आणि आल्लेलुया चालू, ही आगमनकाळाची ठेवण मला त्या वर्षी पहिल्यांदा समजली. आमचं घर तेव्हा नेमकं तसंच होतं.

मग तिसरा रविवार आला, ११ डिसेंबर. हा आनंदाचा रविवार. प्रवेशगीतच पौलाच्या त्या आज्ञेचं असतं, धर्मगुरू गुलाबी झगा घालतात, चक्रावरची गुलाबी मेणबत्ती लावतात. मी त्या दिवशी मिस्सेला गेले होते, बाबांजवळ बहीण थांबली होती. पहिलं वाचन यशयाच्या ३५ व्या अध्यायातलं निघालं. वाळवंट फुलेल, गळून गेलेल्या हातांना बळ द्या, आंधळ्यांचे डोळे उघडतील, लंगडा हरणासारखा उड्या मारील आणि मुक्याची जीभ गाईल. बाकावर बसल्या बसल्या मला हुंदका आवरेना. लंगडा आणि मुका, दोन्ही माझ्या घरात पलंगावर होते. आणि हेच मला रात्री बाबांना वाचून दाखवायचं होतं.

पण खरं वळण पुढच्या वाचनात होतं. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. त्या वर्षी मत्तयची पाळी होती, आणि मत्तयच्या वर्षी आनंदाच्या रविवारी शुभवर्तमान येतं ते तुरुंगातलं. येशू येतोय अशी आधी घोषणा करणारा, बाप्तिस्मा देणारा योहान हेरोद राजाच्या कैदेत आहे. तो शिष्यांना येशूकडे पाठवून विचारतो, जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट बघावी? हा कोणता योहान? आईच्या पोटात असताना येशूच्या आईचा, मरियेचा आवाज ऐकून ज्याने आनंदाने उडी मारली तो. मी नवऱ्याचा मित्र आहे, त्याचा आवाज ऐकून माझा आनंद पूर्ण झाला आहे, असं शिष्यांना सांगणारा तो. तो आता अंधारात बसून विचारतोय, तूच ना? येशूने त्याला सोडवलं नाही. आंधळे बघतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितलं जातं, एवढा निरोप पाठवला. म्हणजे यशयाचेच शब्द परत पाठवले. योहान तुरुंगातून जिवंत बाहेर आला नाही.

आनंदाच्या रविवारी चर्च हे वाचायला देतं. गोड काहीतरी निवडता आलं असतं, पण निवडलं हे. मला त्या दिवशी चर्चविषयी जी कृतज्ञता वाटली ती आजवर कधी वाटली नव्हती. मला कुणी हस म्हणत नव्हतं. तू तुरुंगातून विचार, असं म्हणत होतं. पौलानेही आनंद करा हे कैदेतूनच लिहिलं. त्याच्या त्या छोट्या पत्रात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो आणि बेड्यांचाही येतो.

त्याच आठवड्यात बहिणीने मला आल्फ्रेड डेल्प यांच्याविषयी सांगितलं. हे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू. नाझी राजवटीने त्यांना जुलै १९४४ मध्ये पकडलं. त्या डिसेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, हातात बेड्या असताना, त्यांनी आगमनकाळावरची चिंतनं लिहिली आणि ते कागद गुपचूप बाहेर पोहोचवले गेले. २ फेब्रुवारी १९४५ ला त्यांना फाशी दिलं. नाताळ त्यांच्या सुटकेने संपला नाही. तरी त्या कोठडीत ते आगमनकाळाविषयी लिहीत होते, कारण दार आतून उघडणारं नाही हे त्यांना अगदी प्रत्यक्ष कळत होतं. आमच्या दुखण्याची त्यांच्या छळाशी तुलना मी करत नाही. पण ज्याला आपलं दार आपल्याला उघडता येत नाही, त्याला आगमनकाळ लवकर कळतो, एवढं मी स्वतःच्या अनुभवाने म्हणू शकते.

त्या आठवड्यातल्याच एका रात्रीची गोष्ट. विशेष काही घडलं नाही. गजर झाला, मी उठले. बाबा जागेच होते. मी खांद्याखाली हात घातला, ओठांवर रोजची प्रार्थना होती. वळवताना बाबांनी आपणहून डाव्या हाताने पलंगाची कड धरली आणि स्वतःला थोडं ओढलं, मला मदत व्हावी म्हणून. मग ते माझ्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मला आनंद झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही. छातीवरचं ओझं होतं तिथेच होतं, पण त्या ओझ्याशेजारी कुणी येऊन बसावं तसं झालं. थकवा होता, पाठ दुखत होती, बाबा बरे होतील याची कसलीही नवी खूण नव्हती. तरी ही खोली रिकामी नाही, इथे कुणी आलेलं आहे, हे मला माझ्या नावाइतकं खात्रीने कळलं. मी उशी सारखी केली, पाय नीट ठेवले, आणि बाबांच्या पायाशी बसून राहिले. सकाळपर्यंत ती जाणीव ओसरली. मला तिच्या ओसरण्याचं दुःख झालं नाही, हे मलाच नवीन होतं.

फादरांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जपून ठेवायला जाऊ नकोस. वाट बघणं चालू ठेव."

१७ डिसेंबरपासून आगमनकाळाचा सूर बदलतो. सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताआधी रोज एक छोटी आळवणी येते, १७ ते २३, अशा सात. रोज ख्रिस्ताला एका नव्या नावाने हाक मारायची: हे ज्ञाना, हे प्रभू, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या सूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. आणि प्रत्येकीत एकच मागणं, ये. या फार जुन्या आहेत, शतकानुशतकं म्हटल्या जातायत. आम्ही त्या रात्रीच्या प्रार्थनेत घेतल्या. २० तारखेला दाविदाच्या किल्लीची आळवणी असते, अंधारात बसलेल्या बंदिवानाला बाहेर काढ अशी. ती म्हणताना आई बाबांचा उजवा, हलत नसलेला हात हातात घेऊन बसली होती.

आणि १९ ते २४ डिसेंबर या दिवसांत चर्च लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय तुकड्या-तुकड्यांनी वाचतं. आधी हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. १९ ला जखऱ्या, म्हणजे पुढे योहानाचा बाप होणारा याजक, मंदिरात धूप जाळायला जातो, गॅब्रिएल देवदूत त्याला मुलगा होईल म्हणून सांगतो, त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. २० ला मरियेला निरोप, २१ ला मरियेने जखऱ्याच्या बायकोची, एलिझाबेथची घेतलेली भेट, २२ ला मरियेचं गीत, २३ ला योहानाचा जन्म, आणि २४ ला सकाळी जखऱ्याचं गीत. म्हणजे नाताळच्या आधीचे हे जवळजवळ सगळे दिवस एक म्हातारा माणूस मुका असतो. बाकीचे बोलतात, गातात, भेटायला जातात, तो कोपऱ्यात गप्प असतो. लूक मधल्या काळात त्याचं नाव फक्त घराच्या ओळखीपुरतं घेतो.

१९ ला रात्री मी हे वाचलं तेव्हा खोलीत अवघडलेपण होतं. देवदूत वाचा काढून घेतो ती शिक्षा म्हणून, आणि बाबांना कुणी शिक्षा केली नव्हती. मी तसं मोठ्याने म्हणाले, "बाबा, हे तुमच्याबद्दल नाही." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग डाव्या हाताने पानावर बोट ठेवलं, पुढे वाच म्हणून. बाबांना ती गोष्ट माझ्याहून चांगली ठाऊक होती. ती गप्प बसण्याने संपत नाही, हे त्यांना माहीत होतं.

२२ च्या रात्री मरियेचं गीत होतं. "माझा जीव प्रभूला थोर मानतो." मी वाचून संपवलं. मग बहिणीने आमच्या चर्चमध्ये हे ज्या चालीवर गातात ती चाल हळूच धरली. बाबा ती चाल तरुणपणापासून गात आले होते. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले. मग आवाज आला, घोगरा, एका बाजूने ओढलेला, पण सुरात. आणि त्या सुरात शब्द होते. "थोर" तर इतका स्वच्छ आला की आईने तोंडावर हात धरला. ओळ संपली तसा शब्दही संपला. बहिणीने तीच ओळ पुन्हा धरली, बाबांनी पुन्हा साथ दिली. आम्ही ती किती वेळा म्हटली कुणास ठाऊक. मग मी विचारलं, "बाबा, दिवा लावू का?" ते म्हणाले, "नाही."

याला मी चमत्कार म्हणत नाही. स्पीच थेरपिस्टने दुसऱ्या दिवशी नीट समजावून सांगितलं. वाचाघात झालेल्या पुष्कळ माणसांना बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं गाता येतं. गाण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो आणि बाबांची ती बाजू शाबूत होती. उपचारांतही याचा उपयोग करतात, रोजची छोटी वाक्यं चालीवर बसवून म्हणायला लावतात. पण आई तिच्या परीने बरोबर होती. ती म्हणाली, "मुक्याची जीभ गाईल, असंच लिहिलं होतं. बोलेल असं नव्हतं लिहिलं." मेंदू घडवणाऱ्याने भाषेला एक मागचं दार ठेवलं आणि त्यात स्तुती ठेवली, यात मला देवाचा हात दिसतो, आणि तो बघायला विज्ञान बाजूला सारावं लागत नाही.

हे मात्र आवर्जून सांगते. बाबा गायले म्हणून आगमनकाळात आनंद मिळाला, असं कुणी वाचू नये. तो आधी आला होता, बाबांनी पलंगाची कड धरली त्या रात्री. गाणं नंतर आलं, आणि ते आलं नसतं तरी तो आनंद खोटा ठरला नसता. योहानाला तुरुंगात जो निरोप मिळाला त्यात त्याच्या सुटकेचं नाव नव्हतं, तरी तो निरोप शुभवर्तमानच होता. आमच्यासारखीच, पण जिथे कुणी गात नाही, कुणी बरंही होत नाही, अशी घरं मला माहीत आहेत. तिथे आनंद नसतो असं मी म्हणणार नाही. मी तिथे बसले आहे.

ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांच्याकडे नाताळच्या आधी जाणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. "आनंदात राहा" म्हणू नका. बसा. त्या दिवसाचं वाचन वाचून दाखवा, एक रात्र जागायला या म्हणजे घरच्यांना झोप मिळेल. आमच्या चर्चमधल्या एक बाई, माझ्या आईच्या वयाच्या, त्या महिन्यात अधूनमधून रात्री येऊन बसायच्या. हातात जपमाळ, तोंडाने काही नाही. आनंद या शब्दाचा उच्चारही त्यांनी कधी केला नाही, आणि आमच्या घरी तो आणणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा.

२४ ला सकाळी जखऱ्याचं गीत वाचलं. त्याची जीभ सुटते तेव्हा तो आधी देवाची स्तुती करतो, स्वतःच्या गप्प राहिलेल्या महिन्यांविषयी बोलत नाही. वरून उगवणारा प्रकाश अंधारात आणि मृत्युछायेत बसलेल्यांवर पडेल, असं तो गातो. चर्च हे गीत रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणतं, वर्षभर. त्या रात्री मिस्सेला मी आणि आई गेलो. चार आठवडे रविवारी न म्हटलेला ग्लोरिया घंटांच्या गजरात सुरू झाला आणि मला तो अंगावर घेता आला, कारण मी त्याची वाट बघितली होती. मागच्या वर्षांत मला तो ऐकूही आला नव्हता.

२६ डिसेंबरला नाताळचा दुसराच दिवस आणि चर्च लाल रंग घालतं, कारण तो पहिल्या रक्तसाक्ष्याचा, श्रद्धेपायी दगडांनी मारल्या गेलेल्या स्तेफनाचा सण. २८ ला हेरोदाने मारलेल्या निरपराध बालकांचा. गव्हाणीपासून दगडमारापर्यंत मधे दोन रात्रीही जात नाहीत. आम्ही रात्रीची वाचनं थांबवली नाहीत, जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळचा काळ चालतो तोवर चालू ठेवली. स्पीच थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे गाण्याचा सरावही त्याच वेळी सुरू झाला. "मला बसव" हे दोन शब्द आईने मरियेच्या गीताच्या चालीवर बसवले. "बसव" जानेवारीतच आलं. "मला" यायला ईस्टर उजाडला.